प्रोटीन बंद

तनुजाच्या पीएचडीबद्दल घरात दोन मतं होती. तिची आई इंदुबाई हडपसर गावठाणात भेटेल त्याला सांगायची, की आमची तनू कॅन्सरचं औषध शोधतेय आणि ते आता सापडल्यातच जमा आहे. वडील महिपती, ज्यांना घरदार आप्पा म्हणायचं, त्यांचं म्हणणं वेगळं होतं. "कसलं काय! पाण्यात पूड कालवती आन् दिवा लावून बघत बसती." खरं सांगायचं तर आप्पाच सत्याच्या जास्त जवळ होते. पण आईच्या कौतुकापुढे सत्याला विचारतो कोण?

तनुजा पाषाणच्या बाजूला एका प्रयोगशाळेत होती आणि तिथेच जवळ दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहायची. कॅन्सरची काही औषधं धातूपासून केलेली असतात. प्लॅटिनम, रुथेनियम, क्वचित सोनंसुद्धा. सलाइनमधून ती रक्तात शिरली, की गाठीपर्यंत पोचायच्या आधीच रक्तातली प्रथिनं त्यांना गाठतात आणि धरून ठेवतात. कोणतं औषध कोणत्या प्रथिनाला चिकटतं, किती घट्ट, पुन्हा सुटतं की नाही, हे मोजायचं तिचं काम. रक्तात सगळ्यात जास्त असतं ते अल्ब्युमिन. फ्रिजमधल्या बाटलीतून त्याची पांढरी पूड काढायची, पाण्यात विरघळवायची, वर औषध थेंबथेंब सोडायचं, उजेड टाकायचा आणि प्रथिनाची चमक किती मंदावली ते बघायचं. मंदावली, म्हणजे चिकटलं. वर्षानुवर्षं हेच. लग्नाच्या बोलणीत हे सगळं सांगितलं की मुलाकडचे पोह्यांचं कौतुक करून उठायचे.

आणि मग आप्पांच्याच फुप्फुसात गाठ निघाली.

डॉक्टरांनी लिहून दिलं सिसप्लॅटिन. म्हणजे प्लॅटिनम. जे नाव तनुजाने थिसिसच्या पहिल्या पानावर टाइप केलं होतं, तेच आता वडिलांच्या खाटेशेजारी टांगलेल्या बाटलीवर होतं. तिला ते वाचवेना. बाटलीकडे पाठ करून ती आप्पांचे पाय चेपत बसली, आणि आप्पा म्हणाले, "तुझीच पूड हाय व्हय ही? मग गुण येणार म्हणायचा."

पहिल्या केमोनंतरच्या रविवारी सगळे अंगणात बसले होते. अंगण म्हणजे काय, मागे चौदा मजल्यांची सोसायटी आणि पुढे आप्पांचा गोठा, मधे उरलेली जागा. गोठ्यात चार म्हशी. सोसायटीला वास सहन होत नव्हता आणि दूध मात्र याच म्हशींचं लागत होतं, त्यामुळे तक्रार अर्ज आणि दुधाच्या किटल्या एकाच फाटकातून ये-जा करायच्या. आप्पा त्या दिवशी बरे होते. चुलत्या, शेजारी, भाडेकरू पोरं, सगळे जमले होते, आणि इंदुबाईने लेकीला मुद्दाम सगळ्यांदेखत विचारलं, "तनू, हे औषध शिरेत घातलं की जातं कसं गं गाठीपोतूर?"

तनुजाला समजावून सांगायला आवडायचं. प्रयोगशाळेत तिचं कुणी ऐकत नसे. इथे अख्खं अंगण तिच्याकडे बघत होतं.

"आई, समज, गाडीतळावरून बस सुटली. सगळ्यांना जायचंय शिवाजीनगरला. पण मगरपट्ट्याला एक घोळका उतरला, फातिमानगरला आणखी उतरले, पूलगेटला निम्मी बस रिकामी. शिवाजीनगरला पोचले किती? शंभरातले दहा."

"मग बाकीच्यांना उतरिवतंय कोण?"

"प्रोटीन. रक्तातलं प्रोटीन. औषध दिसलं की त्याचा हात धरतं आणि खाली ओढतं. नव्वद टक्के औषध त्यातच अडकून वाया जातं. आमची सगळी मारामारी त्या प्रोटीनशीच आहे."

सगळे हसले. भाडेकरूंतला एक जण म्हणाला, "मॅडम, सुपर्ब एक्झाम्पल." तनुजा खूश झाली. इंदुबाई मात्र हसली नव्हती. ती नवऱ्याच्या हातातल्या दुधाच्या पेल्याकडे बघत होती. ते तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पुढचे दोन-अडीच महिने तनुजा दर रविवारी यायची आणि दर रविवारी आप्पा थोडे कमी झालेले दिसायचे. केमोने माणूस उतरतोच, हे तिला माहीत होतं. जेवणाच्या वेळी ती पोचायची तेव्हा आप्पांचं आधीच झालेलं असायचं. "दुखण्याचं माणूस, त्याला लवकर वाढलं," आई म्हणायची आणि लेकीच्या ताटात अंडाकरी वाढायची. आप्पा बाजेवरून त्या ताटाकडे बघत असायचे. तिला वाटायचं, लेकीला पोटभर जेवताना बघून बापाला बरं वाटत असेल. आपल्याला सोयीचं असतं ते आपल्याला लगेच पटतं.

चौथ्या केमोच्या वेळी डॉक्टर अनिरुद्धांनी रक्ताचे आकडे बघितले, आप्पांच्या घोट्यावर बोट दाबलं आणि खड्डा किती वेळ राहतो ते बघितलं. खड्डा तसाच राहिला. मग त्यांनी मायलेकींना बाहेर बोलावलं. ते शहरातले नावाजलेले डॉक्टर होते आणि शब्द मोजून वापरायचे.

"आज केमो नाही. आज दिली तर आजाराने नाही, केमोने जातील. अल्ब्युमिन फार खाली गेलंय. अंगात काही शिल्लक नाही."

अल्ब्युमिन! जी पूड ती रोज चमच्याने काढत होती, ती बापाच्या रक्तात उरली नव्हती. तनुजाने विचारलं, "इतकं कशाने, सर?"

"आजार पण खातो. पोटात जात नसेल तरी होतं. दोन्ही असेल. खाणं कसं आहे हो, मावशी?"

"खात्यात की, साहेब," इंदुबाई म्हणाली. "येळच्या येळी खात्यात. मी एकदा चुकले नाय."

"मग बघू. दोन-तीन आठवड्यांत ताकद आली तर पुन्हा सुरू करू. नाही आली तर मात्र माझ्या हातात काही नाही." एवढं बोलून ते पुढच्या पेशंटकडे वळले.

दोन-तीन आठवडे. तनुजाने प्रयोगशाळेत रजा टाकली, गाइडची बोलणी खाल्ली आणि त्याच संध्याकाळी हडपसरला आली. येताना दोन डझन अंडी, पनीर आणि प्रोटीन पावडरचा मोठा डबा. तिच्या डोक्यात एकच होतं, आप्पांना त्या खाटेवर पुन्हा नेऊन झोपवायचं आणि ती बाटली पुन्हा टांगायची.

इंदुबाईने पिशवीत डोकावून बघितलं आणि ती दचकलीच.

"हे कुणासाठी?"

"आप्पांसाठी. आजपासून दिवसाला चार अंडी, दोन वेळा दूध. डाळ घट्ट कर."

"डोक्यावर परिणाम झाला का काय तुझ्या? अगं, तूच म्हणालीस ना!"

"मी? काय म्हणाले मी?"

"प्रोटीन औषधाला खाली ओढतं म्हणून. सगळ्यांसमोर म्हणालीस." इंदुबाईने आवाज खाली आणला, पण त्यात अभिमान होता. "त्या दिवसापासनं मी प्रोटीन बंद केलंय बघ. एकदम बंद. ती वार्डातली तेजस्विनी बाई हाय ना, जेवणाचं सांगणारी? ती आपली घोकून घ्यायची माझ्याकडनं. अंडी, दूध, डाळ, मटकी, शेंगदाणे, मासळी, ह्यात लई प्रोटीन असतं, मावशी, हे सगळं द्या. मी व्हय व्हय म्हणायचे. आन् घरी येऊन तेवढंच नेमकं बंद. तिला काय ठाव? तुझ्यागत ती थोडीच ह्यात डॉक्टर होतीय!"

तनुजाने अंड्यांची पिशवी ओट्यावर ठेवली.

"मग ते खात काय होते?"

"भात. भाकरी. दुधीची भाजी, दोडका. पेज. साबुदाणा, दाण्याचा कूट न घालता. फळं. येळच्या येळी देत व्हते. दूध मागायचे, लई मागायचे. घरात चार म्हशी आन् ह्यांना कोरा चहा. मी म्हणायचे, थोडं सोसा, औषध वाया जायला नको. येकदा रडले सुद्धा. पण मी नाय दिलं. सोपं नव्हतं गं तनू. पन्नास लिटर दूध रोज लोकांच्या दारात घालायचं आन् घरच्या माणसाला नाय म्हणायचं. पण एक केमो वाया जाऊ दिली नाय मी."

आता तनुजाला त्या बसबद्दल सगळं आठवलं. तिने अर्धंच सांगितलं होतं. ताटातलं प्रोटीन आणि रक्तात औषधाला धरणारं प्रोटीन यांचा असा सरळ हिशेब नसतो, हे सांगायचं तिला सुचलंही नव्हतं, कारण ज्याला ते माहीत असतं त्याला ते सांगण्याजोगं वाटतच नाही. आणि दुसरं असं, की अल्ब्युमिन नुसतं अडवतं असंही नाही. गाठ अधाशी असते, ती अल्ब्युमिन ओढून घेते, आणि काही औषधं त्याच्याच पाठीवर बसून गाठीत शिरतात. तिच्या थिसिसचं अख्खं प्रकरण यावर होतं. पण ते सांगितलं असतं तर बसचा दृष्टान्त बिघडला असता. दृष्टान्त छान जमला होता, म्हणून तिने उरलेलं गिळून टाकलं होतं.

ती आईला सांगायला तोंड उघडणार, इतक्यात बाहेरून आप्पांची हाक आली. बारीक, पण हुकमी. "तनू, हिकडं ये. एकटीच ये."

मधली भिंत विटेची आणि वर पत्रा. आप्पांनी शब्द न् शब्द ऐकला होता. बाजेवर उठून बसायची ताकद नव्हती, म्हणून त्यांनी तिला खाली वाकायला लावलं.

"चुकलं ना काय तरी?"

तनुजाने मान हलवली. तिला रडू आवरेना.

"लई चुकलं?"

"माहीत नाही, आप्पा. किती आजाराने झालं आणि किती उपासाने, हे मोजता येत नाही. पण चुकलं."

आप्पांनी गोठ्याकडे बघितलं. "मला वाटलंच व्हतं," ते म्हणाले. "दुधानं माणूस मरतो हे म्या उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. पण तुम्ही दोघी शिकल्या-सवरल्या झाल्या, म्हणलं आपण कशाला मधी पडा." मग दम घेऊन म्हणाले, "तिला सांगू नगंस."

"आप्पा..."

"नगं. मी जाईन, नाय तर ऱ्हाईन. ती मात्र हे ऐकलं की म्हशीखाली बसून रडत ऱ्हाईल, मग धार कुणी काढायची? तू? तुला म्हैस वळखती का?"

"मग तिला सांगू काय? अंडी द्यायची तर कारण लागेल ना."

"सांग की औषध बदललं. तुझ्यावर तिचा विश्वास हाय." हे त्यांनी टोमणा म्हणून नाही, खरंच म्हटलं. तनुजाला ते जास्त लागलं.

तिने आत जाऊन सांगितलं, की डॉक्टरांनी आता नवीन औषध ठरवलंय. जुन्याला प्रोटीन चालत नव्हतं, नव्याला प्रोटीनच लागतं. इंदुबाईचा चेहरा असा उजळला, की तनुजाला तिच्याकडे बघवेना. "देवा, सुटले!" म्हणत तिने तिथल्या तिथे दूध तापत ठेवलं, वर बोटभर साय येऊ दिली आणि पेला दोन्ही हातांत धरून ती धावतच बाहेर गेली. आप्पांनी तो पेला ओठाला लावला. दोन घोट गेले. तिसरा उलटून आला.

ते दिवस असेच गेले. अंड्याचा बलक कालवून, पायाचं सूप गाळून, पेढा कुस्करून, इंदुबाई काय काय करायची. घरभर खमंग वास सुटायचा आणि आप्पांना तो वासच सोसायचा नाही. जे पोट दूध मागून मागून थकलं होतं, ते आता काही घेईना. ते बायकोसाठी एखादा चमचा तोंडात धरून ठेवायचे आणि ती पाठमोरी झाली की रुमालात सोडायचे. रुमाल तनुजा धुवायची. सूज मांडीपर्यंत चढली. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टर अनिरुद्धांनी नुसती मान हलवली, आणि त्यानंतर चारच दिवसांनी, सकाळच्या धारा चालू असताना, आप्पा गेले. इंदुबाई चरवी तशीच टाकून आली. "नवीन औषध द्यायचं राहूनच गेलं गं," ती म्हणत राहिली. "आधीच द्यायला हवं व्हतं त्यांनी. आधी हेच दिलं असतं तर ह्यांनी दूध तरी पिलं असतं." तनुजा तिला थोपटत राहिली. आप्पांना दिलेला शब्द तिने पाळला. तो इतका जड असेल असं तिला वाटलं नव्हतं.

तेरावं झाल्यावर बिबवेवाडीहून मथुराबाई भेटायला आल्या. त्यांच्या यजमानांना गालाचा कॅन्सर होता, आणि केमोच्या दिवशी वॉर्डाबाहेरच्या बाकावर त्यांची आणि इंदुबाईची ओळख झाली होती. रडणं झालं, चहा झाला. मग मथुराबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "आमचे मालक पण लई वाळलेत हो. पण काय करणार, तुम्ही सांगितल्यापासनं प्रोटीन एकदम बंद ठेवलंय. एक अंडं दिलं नाही."

तनुजाने हातातली बशी खाली ठेवली.

"काकू, सुरू करा. आजच. घरी गेल्या गेल्या दूध द्या, अंडी द्या, डाळ द्या. डॉक्टर सांगतात ते सगळं."

"अगं, थांब," इंदुबाई म्हणाली. "त्यांचं औषध कुठं बदललंय? मथुराबाई, तुमचं औषध बदललं का?"

"नाही बाई. तेच आहे पहिल्यापासून. सिसप्लॅटिन."

"मग? जुन्याला चालत नाय ना प्रोटीन, तनू? सांग की त्यांना."

इंदुबाई लेकीकडे बघत होती, नेहमीसारखी, कौतुकाने. बिबवेवाडीत एक माणूस पांढऱ्या भातावर वाळत होता. तनुजाने मनातल्या मनात आप्पांची माफी मागितली.

"आई, औषध बदललंच नव्हतं. जुन्यालाही प्रोटीन चालत होतं. मी चुकीचं सांगितलं होतं. अर्धवट सांगितलं होतं."

मथुराबाईंना नीटसं कळलं नाही. इंदुबाईला कळलं. ती रडली नाही, ओरडली नाही. ती मथुराबाईंना एवढंच म्हणाली, "तुम्ही उठा. घरी जा. त्यांना खायला घाला." आणि मथुराबाई फाटकाबाहेर पडल्या तसं लेकीकडे न बघता म्हणाली, "मी लई जणींना सांगितलंय."

"किती?"

"बाकावर जी बसंल तिला. पुण्याबाहेरच्या बाया, कुठनं कुठनं आलेल्या. एक सासवडची व्हती, एक भोरची. नाव कुणाचंच विचारलं नाय मी. तुझंच नाव सांगत बसले सगळ्यांना."

दुसऱ्या दिवशी दोघी दवाखान्यात गेल्या. तेजस्विनीने सगळं ऐकून घेतलं, तिचा चेहरा उतरला, आणि तिने भिंतीवर मोठ्या अक्षरांत सूचना लावायचं कबूल केलं. पण बाकावर बसलेल्यांत इंदुबाईच्या ओळखीचं कुणीच नव्हतं. सगळे चेहरे नवे होते. कडेला एक बाई नवऱ्याला डब्यातला भात भरवत होती. नुसता भात, वर तूपसुद्धा नाही.

इंदुबाई तिच्याजवळ जाऊन बसली. "बाई, त्यांना डाळ-दूध देत नाही व्हय?"

"प्रोटीन बंद हाय आमच्यात," बाई ठसक्यात म्हणाली. "औषध वाया जातं त्यानं. मागल्या खेपंला एक बाई सांगत व्हती."

"सासवडची का?"

"नाय, आमच्या लोणंदचीच. तिला म्हणं दुसऱ्या कुणी सांगितलं. त्या बाईची पोरगी ह्यातच मोठी डॉक्टर हाय."

"अगं बाई, ते खोटं हाय," इंदुबाई कळवळून म्हणाली. "सगळं द्यायचं असतं. दूध दे, अंडी दे. ती पोरगी बघ, हीच, माझीच हाय. ती चुकून बोलली व्हती. विचार तिला."

तनुजा पुढे झाली आणि बोलायला लागली. बाईने तिच्या चुरगळलेल्या ड्रेसकडे पाहिलं, इंदुबाईच्या शेणाने काळवंडलेल्या नखांकडे पाहिलं, आणि समजुतीने हसली. दवाखान्यात दुःखाने बावचळलेली माणसं भेटतात, त्यांना दुखवायचं नसतं, हे तिला माहीत असावं.

"बरं बरं," ती म्हणाली, आणि नवऱ्यापुढे भाताचा पुढचा घास केला.